उसाचा फड आणि पूर्वग्रह

माणसाची प्रत्यक्ष पारख होण्याआधीच, तो ज्या गटातला समजला जातो त्या गटावरून त्याच्याविषयी बांधलेले आणि विरुद्ध पुरावा दिसूनही सहसा न ढळणारे मत म्हणजे पूर्वग्रह. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली असे प्रतिपादन केले की, भिन्न गटांतील माणसांचा परस्परांशी संबंध आल्याने पूर्वग्रह ओसरू शकतो. मात्र त्या संबंधात दोन्ही बाजूंचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट एक असावे, ते गाठण्यासाठी सहकार्य करावे लागावे आणि त्यामागे संस्थेचे किंवा कायद्याचे पाठबळ असावे. ‘संपर्क सिद्धान्त’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मांडणीतील अटींचा पुढे अनेकांना विसर पडतो आणि नुसते एकत्र आले की मने जुळतात, असा भाबडा समज उरतो. तो किती अपुरा आहे, हे बीड जिल्ह्यातील तेलगावच्या परिसरात स्पष्ट दिसते.

तेलगाव धारूर तालुक्यात असून बीड–परळी आणि माजलगाव–धारूर हे रस्ते तेथे एकत्र येतात. सिंदफणेवरील माजलगाव धरणामुळे या भागात ऊस वाढला आणि तेलगावलाच लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना उभा आहे. याच तालुक्याच्या बालाघाटातील कोरडवाहू गावांतून मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसे मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. पिकवणारा आणि तोडणारा असे दोघेही एकाच मातीतले असताना फडात उतरल्यावर ते एकमेकांना परके का होतात, हा अभ्यासाचा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर बरेचसे ‘खुशाली’त सापडते. कारखान्याची तोड लांबली की उसाला तुरे येतात, वजन घटते आणि बागायतदार हवालदिल होतो. अशा वेळी टोळीने ठरलेल्या मजुरीखेरीज जी रक्कम मागितली, ती खुशाली. ‘पैसे दिल्याशिवाय हे लोक फडात पाय ठेवत नाहीत’ हे वाक्य त्यातूनच रूढ झाले, आणि त्यातील ‘हे लोक’ या दोन शब्दांत तोडणी कार्यक्रमाची दिरंगाई, मजुरांची टंचाई आणि डोक्यावरची उचल ही सगळी कारणे गडप होऊन उरला तो फक्त स्वभावदोष. सामाजिक मानसशास्त्रज्ञ थॉमस पेटिग्र्यू यांनी १९७९ साली या वृत्तीचे विश्लेषण केले होते: आपल्या गटातल्या माणसाचे चुकले तर परिस्थितीला बोल लावायचा आणि परक्या गटातल्याचे चुकले तर त्याच्या जातकुळीला. शेतकऱ्याची अडवणूक मुळीच खोटी नाही. खोटा आहे तो तिच्यावरून एका संपूर्ण समूहाविषयी काढलेला निष्कर्ष.

तोडणाऱ्यांच्या बाजूलाही बागायतदार म्हणजे निर्दय, अशी पक्की समजूत असते. परंतु सत्ता ज्याच्या हाती, त्याच्या पूर्वग्रहाची झळ अधिक बसते, हे नाकारता येत नाही. फडात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. पहाटेच्या थंडीत ऊस तोडणारी, वाढे बाजूला काढणारी आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणारी बाई हिशेबात त्या कोयत्याचा निम्मा भाग असते, आणि उचल व मजुरी बहुधा नवऱ्याच्या नावावर पडते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, तेव्हा शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तपासणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. एवढे समोर येऊनही ‘अडाणी आहेत, त्यांना कळत नाही’ असे म्हणून विषय संपवणे म्हणजे खाड्याचा दंड, फडावर शौचालय नसणे आणि दुखणे अंगावर काढण्याची सक्ती यांवर पांघरूण घालणे होय.

दर हंगामात होणारा हा संपर्क ऑलपोर्टच्या पहिल्याच अटीपाशी अडतो, कारण त्यात समान दर्जा नाही. म्हणून वृत्तिबदल केवळ मनातल्या मनात घडवता येत नाही. पण मनाच्या निश्चयाशिवाय तो सुरूही होत नाही. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया डिव्हाइन यांच्या संशोधनाने पूर्वग्रह ही एक सवय मानली आहे: पहिला ग्रह आपोआप मनात उमटतो, परंतु तो ओळखून त्याऐवजी त्या माणसाची परिस्थिती विचारात घेण्याचा सराव जाणीवपूर्वक करता येतो.

या दिवाळीनंतर टोळी फडात येईल तेव्हा बागायतदारांनी पिण्याचे पाणी आणि आडोसा यांची सोय आधी करावी, कोयत्यातल्या बाईला तिच्या नावाने हाक मारावी, आणि कारखान्यांनी तिची मजुरी तिच्याच खात्यावर जमा करावी.