आधी झोपेचं विचार

एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरवर समुपदेशक म्हणून लागले, तेव्हा माझा सगळा भरवसा गोळ्यांच्या डबीवर होता. रुग्णाने डबी टेबलावर ठेवायची, मी उरलेल्या गोळ्या मोजायच्या आणि टक्केवारी काढायची. ९५ च्या वर असली की शाबासकी, खाली घसरली की भाषण. ते मला तोंडपाठ होतं : गोळ्या चुकल्या की विषाणू वाढतो, वाढता वाढता बदलतो आणि मग त्याच औषधाला दाद देत नाही. त्यात खोटं काहीच नव्हतं. समोरचा माणूस कोणत्या मनःस्थितीत ते ऐकतोय, हे मात्र मला दिसत नव्हतं.

ते दिसायला लागलं आक्कांमुळे. दक्षिण महाराष्ट्रातल्या आमच्या जिल्ह्यात, औषध सोडलेल्यांना घरी जाऊन शोधायचं काम त्या करत. स्वतः एचआयव्हीसह जगत होत्या. शाळा सातवीपर्यंत. आमच्या यादीत ज्याच्या नावापुढे नुसतं ‘एलएफयू’ (म्हणजे संपर्क तुटलेला) लिहिलेलं असे, तो त्यांच्या लेखी ‘पाण्याच्या टाकीमागचा टेलर’ असे.

एक ट्रकचालक होते. त्यांच्या डबीचा हिशेब कधी चुकायचा नाही, पण रक्तातला विषाणू मोजणारा व्हायरल लोड आला तो हजाराच्या कितीतरी वर. मी चिडून बोलायला लागले, तेव्हा शेजारी बसलेल्या आक्का हळूच म्हणाल्या, “पोरी, डबी नंतर मोज. आधी इचार, झोप लागती का.”

मी विचारलं. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग सांगू लागले. बायको नुकतीच गेली होती. आपल्यामुळेच तिला लागण झाली, हे मनातून हलत नव्हतं. रात्री गोळी हातात घेतली की तीच समोर यायची. ते सोसवेना म्हणून दारू. दारूवर गोळी चालत नाही अशी समजूत, म्हणून गोळी बंद. सेंटरला यायच्या आदल्या दिवशी हिशेबापुरत्या गोळ्या काढून फेकायच्या. माझ्या भाषणाला ते इतके भ्यायले होते.

डॉक्टरांनी त्यांना मानसोपचार ओपीडीत पाठवलं. नैराश्य निघालं. त्याचे उपचार सुरू झाले, दारू सुटायला वेळ लागला, पण पुढे व्हायरल लोड दबला. गोळ्यांबद्दल मी त्यांना नव्याने काहीच शिकवलं नव्हतं.

आक्कांनी स्वतःचं फार उशिरा सांगितलं. नवरा वारल्यावर सासरच्यांनी भांडी वेगळी केली, तेव्हा त्यांनीही गोळ्या सोडल्या होत्या. “मरायचं न्हवतं गं. पन जगायची खटपट नको वाटायची.” नैराश्याची लक्षणं मी पुस्तकात वाचली होती. हे एक वाक्य मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडलं. ज्याला उद्याच नकोसा झालाय, त्याला उद्यासाठीची गोळी कशी पटवणार?

त्या काळी सरकारी पुरवठ्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि इफॅव्हिरेन्झ यांची मिळून एक गोळी असे, रात्री झोपताना घ्यायची. इफॅव्हिरेन्झने काहींना चक्कर येते, भीतिदायक स्वप्नं पडतात, उदासीही येते. ‘होईल सवय’ म्हणून मी ते उडवून लावत असे. आक्कांच्या सांगण्यावरून मी अशा तक्रारी लिहून डॉक्टरांपुढे ठेवू लागले. नंतर इफॅव्हिरेन्झच्या जागी डोल्युटेग्रॅव्हिर आलं आणि हा त्रास बराच कमी झाला. त्यानेही कुणाकुणाची झोप उडते, तेव्हा डॉक्टर गोळी सकाळी घ्यायला सांगतात. झोपेचा प्रश्न म्हणूनच मी अजून पहिला विचारते. दुसरा : गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागलं का?

उत्तर कळलं तरी माणूस मानसोपचारापर्यंत पोचतोच असं नाही. एचआयव्हीचा शिक्का एकदा सोसलेला असतो, त्यावर ‘वेड्याचा’ आणखी एक नको असतो. २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीवरून भेदभाव करायला बंदी घातली आहे, पण रांगेत ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती कायद्याने जात नाही. आक्का अशांबरोबर जाऊन रांगेत बसत. कुणी विचारलंच तर म्हणत, “माझाच नंबर हाय.” समुपदेशनाची पदवी माझ्याकडे होती. ते करायचं कसं, हे मी त्यांच्यामागून फिरताना शिकले.

आक्का आता थकल्या आहेत, घरीच असतात. त्यांच्या वतीने एवढं सांगते. तुमच्या माणसाने एआरटीच्या गोळ्या टाळायला सुरुवात केली, तर रागावण्याआधी त्याची झोप, जेवण, दारू यांची चौकशी करा. मनाच्या आजाराची औषधं सुरू झाली, तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्ही औषधं दाखवा. फिट्ससाठी आणि मनाच्या काही आजारांत देतात त्या कार्बामॅझेपिनने डोल्युटेग्रॅव्हिरचं रक्तातलं प्रमाण घटतं. बोलायला कुणी नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि रात्रीही लागतो. एचआयव्हीबद्दल विचारायचं असेल, तर १०९७.