लेपाखालचा पट्टा

शेफिल्डच्या विद्यापीठात मी रेल्वेच्या रुळांच्या झिजेवर प्रबंध लिहिला. त्यावर नाव माझं एकट्याचं आहे. निम्मा प्रबंध मात्र कार्यशाळेतल्या एका वयस्कर तंत्रज्ञांचा आहे. तिथे सगळे त्यांना नुसत्या नावाने हाक मारत. मला ते जमलं नाही. मी शेवटपर्यंत 'मिस्टर' लावूनच बोललो.

वळणावर चाकाची फ्लँज बाहेरच्या रुळाची आतली कड खात राहते. अख्खा रूळ महागड्या मिश्रधातूचा करणं कुणालाच परवडणारं नाही. म्हणून जिथे झीज, तिथेच लेप. लेझरच्या झोताने रुळाचा पृष्ठभाग जरासा वितळवायचा आणि त्यात धातूची भुकटी सोडायची. झोत पुढे सरकला की मागे थर गोठतो. भुकटी कोबाल्ट-क्रोमियमची, नाहीतर मार्टेन्सिटिक स्टेनलेसची. हॅरी ब्रिअर्लीने 1913 साली याच गावात ओतलेलं स्टेनलेसही त्याच जातीचं, हे सांगताना मिस्टरांचा चेहरा खुलायचा.

चाकाच्या पोलादाची एक चकती आणि लेप दिलेली रुळाच्या पोलादाची दुसरी, अशा दोन चकत्या एकमेकींवर दाबून फिरवायच्या. आधी वजन, नंतर वजन. लेपाची चकती साध्या चकतीपेक्षा फारच कमी घटायची. मी खूश व्हायचो. मिस्टर वजनाच्या कागदाकडे बघतही नसत. "कापून बघू," एवढंच म्हणायचे.

नमुना घासताना बोट किती दाबायचं, हे त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवून शिकवलं. सगळे ओरखडे एका दिशेला आले की नमुना पाव वळसा फिरवायचा आणि आणखी बारीक कागद घ्यायचा. आरसा झाला की कापसाने नायटल, म्हणजे अल्कोहोलमध्ये थोडंसं नायट्रिक आम्ल. वरचा स्टेनलेस थर तसाच चमकत राही, खाली रुळाचं पोलाद करडं पडे आणि दोहोंच्या मध्ये वेगळ्याच छटेचा पट्टा उमटे. खरी गोम तिथे. रुळाच्या पोलादात कार्बन 0.7 टक्क्यांच्या आसपास. लेझरने क्षणभर तापलेल्या भागातली उष्णता खालचा थंड रूळ झपाट्याने ओढून घेतो आणि तिथे मार्टेन्साइट तयार होतं. कठीणपणा 300 व्हिकर्सच्या आसपासचा, तो 700च्याही वर जाऊ शकतो, आणि पोलाद ठिसूळ होतं. लेप कितीही टणक असो, तडा जायचा तो या पट्ट्यातून. रूळ आधीच काही शे अंश तापवून घेतला, तर तो सावकाश निवतो आणि हा धोका पुष्कळ कमी होतो. प्रबंधातलं सगळ्यात उपयोगी प्रकरण याच पट्ट्यावर आहे, आणि तो बघायची नजर त्यांची.

मी त्यांचे आभार मानले ते प्रस्तावनेत, पाठ्यवृत्ती देणाऱ्यांच्या खाली, एका ओळीत. तशीच प्रथा होती. आता प्रयोगशाळा चालवणाऱ्या मंडळींना एकच विनंती आहे: नमुना ज्याने कापला, घासला आणि आपल्याला दाखवला, त्याचं नाव निबंधाच्या लेखकांत घाला.