धाकटी पाती

‘कॅडेट’ हा शब्द आपल्याकडे एन.सी.सी.च्या खाकी गणवेशासह रुळला. त्याचे मूळ कवायतीत नसून कुळात आहे, हे सांगितले की वर्गातले विद्यार्थी चकित होतात. लॅटिनमध्ये ‘कापुट’ म्हणजे डोके. त्याच्या लघुत्ववाचक रूपापासून गास्कनीच्या बोलीत ‘छोटा प्रमुख’ या अर्थाचा शब्द घडला आणि फ्रेंचमध्ये तो धाकट्या मुलासाठी स्थिरावला. वतन थोरल्याकडे जाई. धाकट्यांपैकी अनेकांना सैन्याची वाट धरावी लागे. घरातला शब्द छावणीत गेला तो असा.

धाकट्या शाखेने मूळ घराण्याच्या ढालीत एखादी लहानशी खूण घालून आपले वेगळेपण दाखवायचे, या प्रथेला युरोपीय कुलचिन्हविद्येत ‘केडन्सी’ म्हणतात. इंग्लंडमध्ये सुमारे १५०० पासून सांगितल्या जाणाऱ्या पद्धतीत दुसऱ्या मुलाला चंद्रकोर, तिसऱ्याला तारा, तर चौथ्याला बिनपायांचा पक्षी मिळतो. पाय टेकायला जमीन नाही, तेव्हा त्याने स्वतःच्या पंखांवरच जगावे, असा या पक्ष्याचा अर्थ जुन्या मंडळींनी लावला. थोरल्यालाही खूण असते, पण ती वडील हयात असेपर्यंतच. पुढे तो मूळ ढालीचा धनी होतो. धाकट्याची खूण मात्र त्याच्या वंशजांकडेही उतरते. प्रत्यक्षात इंग्लंडने हे नियम फारसे काटेकोरपणे पाळले नाहीत, हा भाग वेगळा.

मराठीत यासाठी ‘पाती’ हा शब्द आहे. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंमुळे देवासला थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदली. १९२१ मध्ये ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी सचिव होता. पाती म्हणजे वाटा. ढालीवरची खूण ‘हा मूळचा नव्हे’ एवढेच सांगते. पाती हा शब्द ‘यातले एवढे याचे’ असे सांगतो. मला हा भेद महत्त्वाचा वाटतो.

आमचे घराणे सामान्यच. ढाल नाही की संस्थान नाही. तरी गावी आजही आमची ओळख ‘धाकट्यांकडचे’ अशीच करून दिली जाते. घरातल्या वंशवृक्षात आमची फांदी वडिलांच्या नावापाशी संपते, कारण त्यांना आम्ही दोघी मुलीच. धाकट्याला निदान चंद्रकोर तरी मिळते. परंपरेने मुलीसाठी स्वतंत्र खूण इंग्लंडनेही ठेवली नव्हती. कॅनडाने १९८८ मध्ये स्वतःची कुलचिन्ह-संस्था स्थापली आणि तिच्या पद्धतीत मुलींच्याही क्रमवार खुणा आहेत.

वंशवृक्षाची नवी प्रत करण्याचे काम यंदा माझ्याकडे आले आहे. वडिलांच्या नावाखाली मी दोन रेघा ओढणार आहे. त्यांना खूण म्हणायचे की पाती, हे पुढच्यांनी ठरवावे.