रुपेरी बटण आणि आमची प्रमाणभाषा

यूट्यूब १ लाख सबस्क्रायबर झाले की रुपेरी बटण देते. ते आकडा मोजते, भाषा नव्हे. अहिल्यानगरजवळच्या (आमच्या तोंडी अजून नगरच) सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे ‘आपली आजी’, यांना ते मिळाले तेव्हा आम्ही मराठीचे प्राध्यापक जरा ओशाळलोच. शाळेत न गेलेल्या या बाईंनी २०२०मध्ये नातवाच्या कॅमेऱ्यासमोर कारल्याची भाजी केली ती घरच्या बोलीत. नातवाने त्यांना पदार्थांची इंग्रजी नावे शिकवली. बोलीला मात्र, सुदैवाने, हात लावला नाही. आम्ही ती वीस वर्षे वर्गात ‘सुधारत’ आलो.

परवा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, तोंडी परीक्षेत मी आजीवानी बोलले तर मार्क कापणार का?”

आम्ही हजेरी घ्यायला लागलो.