रकान्यांची नावं

आमच्या मंडळाची सभासद-यादी एस्क्यूएलाइटच्या एका फाइलमध्ये आहे आणि ती सांभाळायचं काम माझ्याकडे. पायथनमध्ये चार ओळी लिहायच्या, हवं ते विचारायचं, उत्तर ओळीओळीने वाचायचं. मी मात्र आधी कर्सरचं 'डिस्क्रिप्शन' बघते. त्यात प्रत्येक रकान्यासाठी सात जागा असतात. पहिलीत रकान्याचं नाव, उरलेल्या सहांत नुसतं 'नन', म्हणजे काही नाही. पंगतीला सात पाट मांडावेत आणि पाहुणा एकच यावा, तसं!

त्या नावांत एक आहे 'भारतातला फोन'. यादी सुरू करणाऱ्यांनी धरूनच चाललं होतं की अडीअडचणीला कळवायचं ते तिकडे, आईवडिलांना. माझ्या ओळीत तिथे आता 'नन' येतं. आई गेल्यावर तो नंबर मीच काढला. कोरी जागाही ठेवता आली असती, पण 'कोरं' आणि 'नाहीच' यांत डेटाबेसही फरक करतो.

यंदा समितीत तो रकाना काढून टाकायचा विषय निघाला. मी म्हटलं, राहू दे, नुकत्याच आलेल्या मुलांचे नंबर आहेत त्यात. मग सहज, इथेच जन्मलेल्यांपैकी कोणाचा नंबर आहे का, ते विचारून पाहिलं. एकही ओळ आली नाही. डिस्क्रिप्शनमध्ये नाव मात्र होतं: भारतातला फोन.