कुंकवाचा करंडा, मुक्काम स्टुटगार्ट

मुंबईला एक जर्मन बहीण आहे, हे किती मुंबईकरांना ठाऊक असेल? 1968 सालापासून मुंबई आणि स्टुटगार्ट या 'सिस्टर सिटीज' आहेत. आता बहिणी कशा, तर धाकटीची लोकसंख्या जेमतेम सहा लाख. चहूबाजूंनी टेकड्या, मधल्या खोलगट वाडग्यात शहर आणि उतारांवर चक्क शहराच्या हद्दीत द्राक्षांचे मळे. मळ्यांत चढण्यासाठी बांधलेल्या दगडी पायऱ्यांच्या वाटा अजून आहेत, चारशेच्या वर. जिथे मर्सिडीज आणि पोर्शे बनतात त्या गावात लोक धापा टाकत जिने चढून घरी जातात, हे मला जाम आवडलं होतं.

2005 च्या ऑगस्टमध्ये, सोळाव्या वर्षी, एका एक्स्चेंज प्रोग्रॅमवर मी वर्षभरासाठी तिथे गेले. दहावीला चांगले मार्क मिळालेली मुलगी सायन्सची अकरावी सोडून जर्मनीत शाळेत जाते म्हणजे डोकं फिरलंय, असं डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगने एकमताने ठरवलं होतं. वर्ष वाया जाणार! हिशेबाने ते बरोबरच होतं. तिथली अकरावी इथे कोणी धरत नाही, परत येऊन वर्षाने लहान पोरांबरोबर पुन्हा अकरावीच. आई-बाबा मात्र ठाम होते. आजीने काही मत दिलं नाही. जाताना फक्त पितळेचा छोटा कुंकवाचा करंडा हातात ठेवला, झाकणावर स्वस्तिक कोरलेला.

तुमच्यापैकी कोणी ऑनसाइटला गेलं असेल तर त्याला कंपनीने हॉटेल दिलं असेल, रोजचा भत्ता दिला असेल. एक्स्चेंज स्टुडंटला काय मिळतं? एक कुटुंब, आणि त्या कुटुंबातल्या कामांच्या यादीत आपलं नाव. स्टुटगार्टच्या इमारतींत 'केरवोखे' नावाची भानगड असते. जिना झाडण्या-पुसण्याची पाळी आठवड्याने एकेका घरावर येते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर तशी पाटी लटकते. 'केरेन' म्हणजे झाडणं, 'वोखे' म्हणजे आठवडा. केराचा आठवडा! मराठी माणसाला याहून सोपा जर्मन शब्द सापडणार नाही. तिसऱ्या आठवड्यात पाटी आमच्या दारावर आली आणि बादली माझ्या हातात. पाहुणी म्हणून मिळणारे लाड तिथेच संपले, आणि खरं सांगते, त्या दिवशी मला पहिल्यांदा तिथे बरं वाटलं.

बाकी सगळं उलटं-पालटं होतं. घरातल्या पन्नाशीच्या बाईला नावाने हाक मारायची आणि 'डू', म्हणजे 'तू' म्हणायचं. दोन आठवडे मी हाकच मारली नाही, समोर जाऊन खाकरायचे. शाळेत याच्या बरोब्बर विरुद्ध. अकरावीपासून शिक्षकच मुलांना 'झी' म्हणतात, म्हणजे 'आपण'. केस पांढरे झालेले सर मला 'आपण जरा फळा पुसता का' म्हणाले की मी आपोआप उभी राहायचे.

जेवणाचं तर विचारू नका. आपल्याकडे 'नको, नको' हे संभाषण असतं. तिसऱ्या आग्रहाला आपण हो म्हणतो. तिकडे 'नाइन, डांके' म्हटलं की भांडं पुढच्याकडे जातं, विषय संपला. पहिला आठवडा मी सभ्यपणे अर्धपोटी झोपले. नंतर मात्र सुटले. मसूर आणि श्पेट्सले नावाच्या जाड शेवया हे तिथलं खास जेवण. मसुरात व्हिनेगर घालतात. डोळे मिटले तर आमटीची लांबची आत्या वाटते.

पण खरी पंचाईत जेवणाची नव्हती, थंडीचीही नव्हती. मी बोअर झाले होते. म्हणजे मला कंटाळा आला असं नाही, मीच कंटाळवाणी झाले होते! काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात दोन लेव्हल्स करून गेलेली मी, आणि गाव बोलणार श्वेबिश. 1999 पासून त्या राज्याची जाहिरातच होती की, आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही. वर्गात कोणी विनोद केला की मला तो कळेपर्यंत हसून झालेलं असायचं. डोंबिवलीत मी ग्रुपमधली बडबडी, नकला करणारी. इथे माझ्याकडे तीन वाक्यं होती: छान आहे, थंडी आहे, धन्यवाद. माणसाचा स्वभाव त्याच्या भाषेत राहतो आणि भाषा कस्टममध्ये अडकली तर स्वभावही तिथेच पडून राहतो.

त्यात तिकडच्या शाळेत तोंडी सहभागाला मार्क असतात. लेखी पेपर कितीही चांगला लिहा, वर्गात हात वर केला नाही तर निकाल घसरतो. 1 म्हणजे उत्तम आणि 6 म्हणजे नापास. इतिहासात मला तोंडीला 4 होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "आपली वही सुंदर आहे. पण माझ्या वर्गात आपण नसताच." पाठीमागच्या बाकावर बसून मी पहिल्यांदा हिशेब केला, किती आठवडे उरलेत त्याचा.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला आलं. त्या राज्यात त्या दिवशी सुट्टी असते, ऑल सेंट्स डेची. फटाके वगैरे विसराच, हा गप्प राहण्याचा सण. होस्ट-आईचं माहेर दक्षिणेकडच्या एका कॅथलिक खेड्यात, तिथे सगळे निघालो. दुपारी दफनभूमीत अख्खं गाव जमलं होतं. प्रत्येक कबर स्वच्छ केलेली, फुलं मांडलेली, आणि प्रत्येकीवर लाल आवरणातला दिवा. पाचच्या सुमारास अंधार पडला तसे ते शेकडो दिवे उठून दिसायला लागले. होस्ट-आईने तिच्या आजोबांच्या कबरीवरचा दिवा मला लावायला दिला. दिवाळीच्या दिवशी दफनभूमीत दिवा लावला हे आजीला कसं सांगायचं, मला समजेना. सांगितलं ते सहा महिन्यांनी. ती म्हणाली, "पितरांना दिवा दाखवलास, बरं केलंस." आज्यांचं काही सांगता येत नाही.

रात्री घरी आल्यावर मी खोलीत माझी छोटी दिवाळी मांडली. खिडकीत चार टीलाइट्स, गणपतीचा फोटो, आणि करंडा. होस्ट-आई बघायला आली. दिव्यांकडे बघून हसली, मग तिची नजर झाकणावर गेली. ती काहीच बोलली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने चहा टाकला आणि मला बोलावलं.

त्या टेबलावर आम्ही दीड तास बसलो. जर्मनीत नाझींची चिन्हं मिरवणं हा गुन्हा आहे, हे मला ओरिएंटेशनमध्ये सांगितलं होतं. पण कायद्याचा विषय तिने काढलाच नाही. दुपारी ज्यांच्या कबरीवर मी दिवा लावला, त्या तिच्या आजोबांनी हेच चिन्ह दंडावर बांधलं होतं, एवढंच तिने सांगितलं. लहानपणी ती त्यांच्या मांडीवर बसायची. मला जर्मनमध्ये कुंकू सांगता येईना, शुभ सांगता येईना. डिक्शनरी मध्ये ठेवून, हातवारे करून, आमच्या पाटापुढची रांगोळी कागदावर काढून मी बोलत राहिले. चार ठिपक्यांसकट. व्याकरण गेलं खड्ड्यात. शेवटी ती म्हणाली, "खोलीत ठेव. फक्त खिडकीत नको. खालून जाणाऱ्याला तुझी आजी दिसणार नाही."

मला राग आला होता, हे लपवत नाही. आपलं हजारो वर्षांचं चिन्ह कोणी चोरलं आणि लपवायचं आपण? पण तिच्या जागी बसून बघितलं तर तीही बरोबर होती. करंडा मी पुस्तकांच्या फळीवर ठेवला.

तिने हे आमच्या इतिहासाच्या बाईंना सांगितलं असावं. दोन आठवड्यांनी बाईंनी विचारलं, वर्गात बोलाल का? जर्मनमध्ये त्या चिन्हाला 'हाकेनक्रॉइट्स' म्हणतात, आकड्यांचा क्रूस. 'स्वस्तिक' हा शब्द वर्गातल्या बऱ्याच जणांनी ऐकलेलाच नव्हता. मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले. वीस मिनिटं बोलले, चुकत-माकत. मग एका मुलाने विचारलं, "पण तू इथे आमच्या दारावर काढशील का ते?" नाही, म्हटलं. "का?" मी म्हटलं, "कारण जिना सगळ्यांचा आहे. माझी पाळी फक्त झाडायची."

वर्ग हसला. मलाही कळायला क्षणभर लागला की मी जर्मनमध्ये विनोद केलाय. त्या टर्मला तोंडीला 2 मिळाला. त्यानंतर दुपारच्या सुट्टीत माझ्या शेजारी कोणी ना कोणी बसायला लागलं.

हिवाळा तसा वाईटच गेला. साडेचारला अंधार, फोनकार्डावर आईचा आवाज, नाताळात घरभर पाहुणे आणि मी बाथरूममध्ये रडणारी. ते सगळ्यांचंच होतं. ब्राझीलहून आलेली एक मुलगी तर फेब्रुवारीत परत गेली. मे महिन्यात रात्री नऊला उजेड दिसायला लागला तेव्हा मी स्वप्नात श्वेबिश बोलत होते.

आणि मग आला 2006 चा वर्ल्डकप. बघता बघता बाल्कन्यांवर, गाड्यांवर जर्मन झेंडे फडकायला लागले. आपल्याला त्यात काय विशेष? पण होस्ट-आई पेपर वाचताना अस्वस्थ व्हायची. तिच्या आयुष्यात तिने एवढे झेंडे एकत्र पाहिले नव्हते. तिसऱ्या नंबरसाठीची मॅच 8 जुलैला स्टुटगार्टमध्येच झाली. जर्मनीने पोर्तुगालला 3-1 असं हरवलं आणि आमचा वाडगा रात्रभर हॉर्नने भरून गेला. त्या रात्री ती बाल्कनीत गेली आणि जिरेनियमच्या कुंडीत हातभर लांबीचा कागदी झेंडा खोचला. मग मागे वळून मला विचारलं, "खालून बघणाऱ्याला काय वाटेल?"

मी खाली उतरले, रस्त्यावर उभी राहून वर बघितलं आणि ओरडून सांगितलं, "फुलंच दिसतायत!"