अलीकडे आणि पलीकडे



वहीच्या कोऱ्या पानावर पट्टी ठेवून एक सरळ रेषा ओढा. ती पानाच्या कडेपाशी थांबली असे तुम्हांला वाटेल. पण भूमितीतील रेषा कोठेच थांबत नाही आणि भूमितीतील पान, म्हणजे प्रतल, कोठेच संपत नाही. अशा अफाट प्रतलाचे त्या एका रेषेने दोन भाग केले. यांतील प्रत्येक भागाला अर्धप्रतल म्हणतात व रेषेला त्याची धार म्हणतात. हेच अवकाशात करायचे तर रेषा पुरत नाही. तेथे एक सपाट प्रतल लागते. त्याच्या दोन्ही बाजूंना जे उरते ते अर्धावकाश.

हे नाव अवघड वाटते, पण वस्तू ओळखीची आहे. आपल्या इचलकरंजीच्या कडेने पंचगंगा वाहते. पावसाळ्यात नदीचे पाणी चढते तेव्हा त्याचा सपाट पृष्ठभाग सगळ्या गावाचे दोन भाग करतो. जे त्याच्या वर ते कोरडे आणि जे त्याच्या खाली ते बुडालेले. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पाण्याची उंची मोजतात. तेथे 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेले होते. घरातले गव्हाचे पोते माळ्यावर चढवणारी आई भूमिती शिकलेली नसेल. पण पोते कोणत्या अर्धावकाशात असायला हवे हे तिला नेमके ठाऊक असते.

आता प्रश्न असा, की रेषेवरचा बिंदू कोणत्या बाजूचा? गणिताचे उत्तर साधे आहे : ते आधी ठरवून घ्यावे लागते. परीक्षेत शंभरपैकी 35 गुणांना उत्तीर्ण म्हणायचे ठरले, तर 35 गुणांचा विद्यार्थी रेषेवर असूनही उत्तीर्ण होतो. नियम '35 हून अधिक' असा असता, तर तोच विद्यार्थी, तेवढाच अभ्यास करून, अनुत्तीर्ण झाला असता. म्हणून रेषा ओढणाऱ्याने फार जपून शब्द वापरावेत.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. एकदा आमचा एक विद्यार्थी दुसऱ्या शाळेत मराठी वक्तृत्व स्पर्धेला गेला होता. तेथे कोणीतरी त्याला सहज विचारले, "तू पलीकडचा ना?" परत आल्यावर तो मला म्हणाला, "सर, माझा जन्म इथला, माझे दादाजान इथले. मग मी पलीकडचा कसा?"

मी त्याला फळ्यापाशी नेले. रेषेच्या एका बाजूला एक बिंदू काढला, दुसऱ्या बाजूला दुसरा. म्हटले, "यांतला पलीकडचा कोणता, सांग." तो थोडा वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "आपण कोठे उभे आहोत, त्यावर आहे." त्याचे उत्तर बरोबर होते. अलीकडे आणि पलीकडे ही रेषेची नावे नव्हेत. ती पाहणाऱ्याच्या जागेची नावे आहेत. आपल्या गावापासून कर्नाटकाची हद्द फार दूर नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि निपाणी, बेळगाव हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. नकाशावर रेषा उमटली. पण निपाणीच्या घराघरांतली मराठी काही त्या दिवशी थांबली नाही.

त्या मुलाला मी आणखी एक गोष्ट दाखवली. एका रेषेने जो भाग मिळतो तो अफाट असतो. बिंदू रेषेच्या अमुक बाजूला आहे एवढे सांगितले, तर तो बिंदू सापडत नाही. आता दुसरी रेषा ओढा, मग तिसरी. तीन अर्धप्रतलांचा सामाईक भाग घेतला की त्रिकोण मिळू शकतो, आणि तेव्हा कोठे जागा नेमकी होते. माणसाचेही असेच आहे. उर्दू शाळेचा, यंत्रमाग कामगाराचा मुलगा, गणितात हुशार, क्रिकेटचा वेडा, आजीचा लाडका अशा कितीतरी रेषा एकत्र याव्यात तेव्हा एक माणूस थोडासा कळतो. एकच रेषा ओढून जो माणूस ओळखल्याचे सांगतो, त्याने अजून काहीच ओळखलेले नसते.

अशा अनेक अर्धप्रतलांनी वेढलेल्या भागाचा उपयोग व्यवहारातही होतो. समजा, एका कारखानदाराला दोन प्रकारचे कापड काढायचे आहे. पहिल्या प्रकारच्या एका गठ्ठ्याला 1 दिवस व 2 पोती सूत लागते. दुसऱ्या प्रकारच्या एका गठ्ठ्याला 2 दिवस व 1 पोते. हाताशी 12 दिवस आणि 12 पोती आहेत. दिवसांची अट हे एक अर्धप्रतल, सुताची अट हे दुसरे. गठ्ठे शून्याहून कमी असू शकत नाहीत, ही आणखी दोन. चारही अटी पाळणारा भाग म्हणजे एक चौकोन. दोन्ही गठ्ठ्यांवर नफा सारखाच असेल, तर प्रत्येकी 4 गठ्ठे काढणे सर्वांत फायद्याचे. आलेखावर हा बिंदू त्या चौकोनाचा एक कोपरा आहे.

अटी हजारो असल्या की हा कोपरा शोधणे कठीण होते. 1947 मध्ये अमेरिकेतील जॉर्ज डँटझिग यांनी कोपऱ्याकोपऱ्याने पुढे जाण्याची रीत दिली. 1984 मध्ये नरेंद्र करमरकर यांनी वेगळी वाट दाखवली. ग्वाल्हेरच्या मराठी घरात जन्मलेले करमरकर मुंबईच्या आय. आय. टी.त शिकले आणि अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांची रीत कडेकडेने न जाता आतल्या भागातून उत्तराकडे जाते. आज तिला जगभर करमरकरांचे नाव आहे.

आपल्या गावात 1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. माझे अब्बा असेच माग चालवत. लहानपणी त्यांचा डबा घेऊन गेलो की मी मागापाशी उभा राहत असे. ताण्याचे अर्धे धागे वर उचलले जात, अर्धे खाली राहत आणि मधल्या फटीतून धोटा बाणा घेऊन धावे. लगेच वरचे धागे खाली येत, खालचे वर जात आणि धोटा परत फिरे. ताणा-बाणा हे शब्द तुम्हांला घरच्या बोलीतूनही ठाऊक आहेत.

भूमिती शिकवू लागल्यावर मला त्या खडखडाटाचा अर्थ उमगला. वरचे धागे कायम वरच राहिले आणि खालचे कायम खालीच, तर दिवसभर माग चालूनही कापड होणार नाही. बाण्याचे धागे मोकळे निघून येतील. प्रत्येक धागा बाजू बदलतो, कधी वर असतो, कधी खाली, म्हणून वीण घट्ट बसते.

मुलांनो, तुम्ही घरी एक भाषा बोलता आणि या पुस्तकातून दुसरी शिकता. बाजारात तिसरी, कदाचित चौथीही कानांवर पडते. रेषेच्या दोन बाजूंचे दोन बिंदू जोडणारा रेषाखंड त्या रेषेला एका बिंदूत छेदतोच, हे तुम्ही भूमितीत शिकला आहात. रेषा पुसली जात नाही, बिंदूही आपली जागा सोडत नाहीत, तरी दोघे जोडले जातात. तुम्ही शिकलेला प्रत्येक नवा शब्द हा असाच एक रेषाखंड आहे. तो ओढायला पट्टी लागत नाही, फक्त बोलायला सुरुवात करावी लागते.